आबांची पेन्शन ५० वर्षांनी सुरू झाली, त्या सैनिक कल्याण कार्यालयाबद्दल

आमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला मी पाचपैकी चार स्टार देतेय. चार का दिले आणि एक का कापला ते दोन्ही सांगते, पण आधी हे सांगते की हे ऑफिस बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी असतं, बऱ्याच जणांना ते ध्वजदिनाच्या स्टिकरपुरतंच माहीत असतं, आणि आम्हालाही तेवढंच माहीत होतं. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही कारण ज्या माणसाने आमचं काम केलं त्यांनी स्वतःच सांगितलं की माझं नाव कुठे टाकू नका, मी माझी ड्युटी केली.

आबा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. जन्म १९४५, भरती १९६४. डिसेंबर १९७१ च्या लढाईत त्यांची पलटण पश्चिम सीमेवर होती. रात्रीचा ब्लॅकआउट, दिवे बंद करून गाड्यांचा ताफा चाललेला आणि आबा बसलेला ट्रक नाल्यात उलटला. डाव्या पायाचं हाड मांडीत मोडलं आणि गुडघा कायमचा आखडला. दीड वर्ष मिलिटरी हॉस्पिटल, मग १९७३ ला बोर्डआउट. म्हणजे मेडिकल बोर्डाने सांगितलं की हा जवान आता फौजेच्या कामाचा नाही. अपंगत्व ३० टक्के लावलं, डिसॅबिलिटी पेन्शन दोन वर्षांसाठी सुरू झाली. १९७५ ला परत बोर्डासाठी बोलावलं, त्यांनी अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली आलंय असं लिहिलं आणि पेन्शन बंद. आबा २ बसा बदलून घरी आले आणि आजीला म्हणाले की पाय बरा झाला म्हणतात. पाय बरा वगैरे काही नव्हता, माझ्या आठवणीत आबा कधीच मांडी घालून बसलेले नाहीत, पंगतीत पण त्यांना कायम खुर्ची.

पुढे ४ मुलं, कोरडवाहू अडीच एकर आणि साखर कारखान्यात रात्रीची वॉचमनची नोकरी. १९७६ मध्ये एक पत्र पाठवलं होतं, त्याला नकार आला. १९९१ च्या सुमारास तालुक्याला एक माणूस भेटला, मी दिल्लीहून काम करून आणतो म्हणाला, आजीची बोरमाळ मोडून त्याला पैसे दिले आणि तो परत दिसला नाही. त्यानंतर आबांनी पेन्शन हा शब्द घरात काढू दिला नाही. आमचं गाव काही अपशिंगे मिलिटरीसारखं घरटी फौजी असलेलं नाही, त्यामुळे पारावर बसून नियम सांगणारा कोणी म्हातारा सुभेदारही नव्हता. बंद झाली म्हणजे झाली, सरकारने सांगितलं म्हणजे बरोबरच असणार, असं सगळ्यांनी धरलं आणि ४७ वर्षं तसंच चाललं.

जानेवारी २०२२ मध्ये मी पुण्याहून गावी गेले होते, आबांना चष्म्याचा नंबर काढायला जिल्ह्याला नेलं आणि परत येताना रस्त्यावर त्या ऑफिसची पाटी दिसली. मी सहज म्हटलं, आबा, एकदा विचारून बघूया का. ते नको म्हणाले. आजी म्हणाली विचार. मग गेलो.

ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि पायऱ्या उंच. ज्या ऑफिसात येणारे निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे आणि त्यातले कित्येक पायाने अधू, ते ऑफिस जिन्यावर असावं याचा मला अजूनही राग आहे. आबा एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढले. वर एक खिडकी, दोन बाकं, भिंतीवर परमवीर चक्र मिळालेल्यांचे फोटो. आणि टेबलामागे कल्याण संघटक. हे पद बहुतेकांना माहीत नसतं, तिथे माजी सैनिकच असतात, म्हणजे समोरचा माणूस स्वतः फौजेतून आलेला. आमचे हे निवृत्त सुभेदार होते.

त्यांनी पहिला प्रश्न कागदाचा विचारलाच नाही. विचारलं, कुठली पलटण? आबांनी पलटण सांगितली आणि न विचारता पुढे आपला नंबर सांगितला, आर्मी नंबर, सगळे आकडे एका दमात. ज्या माणसाला स्वतःचा मोबाईल नंबर पाठ नाही त्याला तो नंबर ४९ वर्षांनंतर तोंडपाठ होता. सुभेदार साहेब उठले, स्वतःची खुर्ची फिरवून आबांना दिली आणि चहा सांगितला. आबांची पाठ त्या खुर्चीत ताठ झाली, मी एवढ्या ताठ बसलेल्या आबांना आधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी आमच्याकडे काहीच कागद नव्हते. ते म्हणाले डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक आणा, आणि घरात जो जो जुना कागद असेल तो आणा, फाटलेला असला तरी आणा, उंदराने खाल्लेला असला तरी आणा, तुम्हाला फालतू वाटतो तोच कामाचा निघतो. पुढच्या आठवड्यात आम्ही माळ्यावरची काळी ट्रंक उतरवली. त्यात डिस्चार्ज बुक, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल एका रुमालात बांधलेली, दोन इनलँड पत्रं, आणि खालच्या वर्तमानपत्राच्या घडीत १९७३ चा पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. मी तो कागद जवळजवळ त्या वर्तमानपत्रासोबतच टाकून देणार होते.

सुभेदार साहेबांनी ते डिस्चार्ज बुक वाचलं तेव्हा मी शेजारी बसले होते. अर्धा तास. एकेक पान, बोटाने ओळ धरून, शाई उडालेली तिथे खिडकीपाशी उजेडात धरून. मधे दोन माणसं आली त्यांना थांबा म्हणाले. मग पीपीओ उलटा केला, सुलटा केला आणि आबांना विचारलं, १९७५ ला पेन्शन कमी झाली की पूर्ण बंद झाली? आबा म्हणाले पूर्ण. ते म्हणाले, एक पैसा पण नाही? आबा म्हणाले नाही. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, पूर्ण बंद व्हायलाच नको होती.

त्यांनी जे समजावलं ते मी इथे नीट लिहिते कारण हे अजून कोणाच्या तरी घरी लागू पडेल. डिसॅबिलिटी पेन्शन म्हणजे एक रक्कम नसते, दोन असतात. एक सर्व्हिस एलिमेंट आणि दुसरा डिसॅबिलिटी एलिमेंट. आर्मीच्या १९६१ च्या पेन्शन रेग्युलेशनमध्ये १८६ नंबरचा नियम आहे, त्यात लिहिलंय की नंतरच्या बोर्डात अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली गेलं तर डिसॅबिलिटी एलिमेंट बंद होईल, पण सर्व्हिस एलिमेंट मिळत राहील. सुभेदार साहेब आबांना त्यांच्या भाषेत म्हणाले, “आबा, एक पैसा पायाचा होता आणि एक नोकरीचा होता. पाय बरा झाला म्हणून पायाचा बंद केला हे एकवेळ धरू. पण तुम्ही केलेली नोकरी तर पुसली जात नाही ना?” आबांनी यावर काही उत्तर दिलं नाही, फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी चार स्टार देतेय ते या अर्ध्या तासाला. बाकी अर्ज, झेरॉक्स, शिक्के कुठेही होतात. त्यांनी वाचलं. ४७ वर्षांत त्या पुस्तकाकडे इतक्या लक्षपूर्वक कोणी बघितलंच नव्हतं, आम्ही घरच्यांनी सुद्धा नाही.

पुढचं काम लांबलं. पहिल्यांदा ऑफिसमार्फत फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेला. ४ महिन्यांनी उत्तर आलं की कागदपत्रं नष्ट केलेली आहेत. हे ऐकून माझा धीर सुटला होता पण सुभेदार साहेबांना ते अपेक्षितच होतं. ज्यांना पेन्शन चालू नाही अशा जवानांची फाईल २५ वर्षांनी नष्ट करतात, नियमच आहे तसा. पण लाँग रोल नष्ट करत नाहीत. लाँग रोल म्हणजे रेकॉर्ड ऑफिसचं कायम जपलेलं रजिस्टर, त्यात नंबर, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख आणि सुटण्याचं कारण असतं. त्यांनी आमच्याकडून आरटीआयचा अर्ज लिहून घेतला, फक्त लाँग रोलचा उतारा मागा म्हणाले, जास्त काही मागू नका. तो आला. त्यात बोर्डआउट स्पष्ट लिहिलेलं होतं. लाँग रोल एका हातात, १९७३ चा पीपीओ दुसऱ्या हातात, आता आबांना पेन्शन मंजूर झालीच नव्हती असं कोणी म्हणू शकत नव्हतं. तरी रेकॉर्ड ऑफिसचं दुसरं उत्तर आलं की प्रकरण फार जुनं आहे, विचार करता येत नाही.

मधल्या काळात ऑफिसने एक गोष्ट न मागता केली. केंद्रीय सैनिक बोर्डाची एक मदत आहे, ६५ च्या वरच्या, पेन्शन नसलेल्या गरजू माजी सैनिकांना, हवालदारापर्यंतच्या रँकसाठी. तेव्हा महिना ४,००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० केलीय. त्याचा ऑनलाइन फॉर्म त्यांनी स्वतः बसून भरला. हा पैसा ध्वजदिनाच्या निधीतून येतो. ७ डिसेंबरला शाळेत आम्ही जे छोटे झेंडे विकत घ्यायचो ते पैसे कुठे जातात हे मला वयाच्या ३४ व्या वर्षी कळलं, आबांच्या औषधांची बिलं त्यातून निघाली तेव्हा. पेन्शन सुरू झाल्यावर ही मदत बंद होते आणि ते आम्ही कळवलं, तुम्हीही कळवा, नाहीतर पुढे वसुली येते असं त्यांनी बजावून सांगितलं होतं.

मग ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या लोकांच्या दाव्यांचं न्यायाधिकरण. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल २००९ पासून चालू आहे आणि महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी मुंबईला बेंच आहे. ऑफिस स्वतः केस लढत नाही, हे आधी स्पष्ट समजून घ्या, काही लोक त्यावरून तिथे भांडताना मी बघितलेत. ते फाईल तयार करून देतात, कुठला कागद कशाला लागतो ते सांगतात, विधी सेवा प्राधिकरणाच्या फुकट वकिलाचा मार्ग सांगतात. २०२५ च्या २६ जुलैपासून तर सैनिक बोर्डांमध्येच कायदेशीर मदतीची केंद्रं सुरू करायची योजना आलीय. आमच्या वेळी ती नव्हती, आम्ही वकील केला, फौजेतून निवृत्त झालेला माणूस. सुभेदार साहेबांनी बनवलेली फाईल पाहून तो म्हणाला की माझं निम्मं काम झालेलं आहे. नोव्हेंबर २०२२ ला अर्ज दाखल झाला.

एक गोष्ट मात्र मनाला लागते आणि ती लिहिते कारण तुम्ही उशीर करू नये. पेन्शन चुकून बंद झाली असेल तर दावा कधीही करता येतो, पण मागची थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या ३ वर्षांचीच मिळते, सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल आहे तसा. म्हणजे आम्हाला नोव्हेंबर २०१९ पासून. १९७५ ते २०१९, ४४ वर्षांचं काही नाही. बोरमाळ मोडली ते वर्ष त्यात गेलं, मामाचं शिक्षण दहावीनंतर थांबलं ते वर्ष पण त्यात गेलं. मी रडले त्या दिवशी. आबा म्हणाले जे मिळतंय ते बघ. ज्यांच्या घरात ट्रंकेत असा कागद पडलाय त्यांनी पुढच्या महिन्यात नाही, या आठवड्यात जावं, कारण प्रत्येक महिना मागून कमी होत जातो.

२०२४ च्या उन्हाळ्यात निकाल आला. सर्व्हिस एलिमेंट सुरू करा, आणि डिसॅबिलिटी एलिमेंटसाठी परत मेडिकल बोर्ड घ्या. ७९ वर्षांचे आबा परत मिलिटरी हॉस्पिटलमध्ये गेले. मी सोबत होते. तरुण डॉक्टर होती, मेजर, तिने पाय वाकवून बघितला, हळू, दोनदा विचारलं दुखतंय का. आबा नाही म्हणाले. मी म्हटलं दुखतंय, ते सांगत नाहीत. ती म्हणाली, “मला माहितीये, यांच्या वयाचं कोणीच सांगत नाही.” बोर्डाने ३० टक्के लिहिलं, कायमस्वरूपी. बोर्डआउट झालेल्या माणसाचं अपंगत्व ५० च्या खाली असलं तरी पेन्शनसाठी ५० धरतात, याला राउंडिंग ऑफ म्हणतात, हेही सुभेदार साहेबांनी पहिल्याच महिन्यात फाईलच्या कव्हरवर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं.

आता आजीचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि वकिलाच्याही तो लक्षात नव्हता. आजीचं नाव फौजेच्या कागदात नव्हतंच. लग्न १९६७ चं, त्या काळी पलटणीला कळवलं असेल नसेल, फाईल तर नष्ट झालेली. सुभेदार साहेब म्हणाले पेन्शन सुरू व्हायची वाट बघू नका, आजींचं नाव आधी लावून घ्या, कारण आबांच्या मागे फॅमिली पेन्शन आजींना मिळणार आणि तेव्हा नाव नसेल तर पंच्याहत्तरीची बाई एकटी हेच सगळं पहिल्यापासून करत बसेल. हे आबांसमोर कसं बोलायचं असं मला झालं होतं, त्यांनी सरळ बोलून टाकलं आणि आबांनी मान हलवली. त्यात आबांच्या डिस्चार्ज बुकात आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारला दुसरं, जन्मतारखेत ६ महिन्यांचा फरक. आजीचं माहेरचं नाव मतदार यादीत, सासरचं रेशन कार्डावर. प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा विवाहाचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो. तो फोटो काढायला दोघं तालुक्याच्या स्टुडिओत गेले, आजीने नवी इरकल नेसली. त्यांचा दोघांचाच असा तो पहिला फोटो.

जानेवारी २०२५ ला नवा पीपीओ झाला, मार्चमध्ये खात्यावर पैसे आले. आता पेन्शन स्पर्श नावाच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवरून येते, प्रयागराजच्या कार्यालयातून थेट खात्यात. लॉगिन, पासवर्ड, मोबाईल जोडणे हे ऑफिसमधल्या मुलाने करून दिलं आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं. हयातीचा दाखला दर वर्षी लागतो. आबांच्या बोटांच्या रेषा ऊस आणि फावड्याने गेल्यात, मशीनवर अंगठा उमटत नाही, त्यासाठी मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो, आम्ही घरीच अंगणात काढला. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचारांच्या योजनेचं कार्डही झालं, गुडघ्याची तपासणी आता त्यावर होते.

आता कापलेल्या एका स्टारबद्दल. जिन्याचं सांगितलंच. फोन कोणी उचलत नाही, लागला तर एंगेज. ऑफिस शनिवार-रविवार बंद, वेळ पावणेदहा ते सव्वासहा, त्यामुळे पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्यांना रजा टाकूनच जावं लागतं, मी ३ वर्षांत १९ रजा टाकल्या. आणि माणसं कमी. सुभेदार साहेब एकटे तीन तालुक्यांची कामं बघतात, ते दौऱ्यावर असले की त्यांचं टेबल रिकामं आणि दुसऱ्याला तुमची फाईल माहीत नसते, ६० किलोमीटरवरून एसटीने आलेली एक वीरपत्नी असं परत जाताना मी स्वतः बघितलीय. यात त्या माणसांचा दोष नाही, जागा भरत नाहीत त्यांचा आहे. पण जाणाऱ्याला त्रास होतो तो होतोच, म्हणून एक स्टार कमी. जाण्याआधी ते दौऱ्यावर नाहीत ना हे कोणाकडून तरी विचारून जा, आमच्याकडे सोमवार-मंगळवार ते नक्की असतात.

पैशाचं पण सांगते. ३ वर्षांत या ऑफिसमध्ये आमच्याकडून कोणी एक रुपया मागितला नाही. निकालानंतर आम्ही पेढे नेले तर सुभेदार साहेबांनी त्यातला एक खाल्ला आणि बाकीचा बॉक्स बाकावर बसलेल्यांना वाटायला लावला. बाहेर गेटपाशी मात्र दोन माणसं उभी असतात, काका पेन्शनचं काम आहे का, थकबाकीच्या २० टक्के द्या म्हणतात. त्यांच्याकडे अजिबात जाऊ नका, डिस्चार्ज बुक तर त्यांच्या हातात देऊच नका. ओरिजिनल कोणालाच देऊ नका, ऑफिसलाही झेरॉक्सच लागते, ओरिजिनल फक्त दाखवायचं.

नेताना काय न्यायचं तर डिस्चार्ज बुक, जुना पीपीओ असेल तर तो, मेडलं (त्यांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, फाईल नष्ट झाली असेल तर तोही पुरावा धरतात असं सांगितलं), आधार, बँकेचं पासबुक, आणि ज्याचं काम आहे तो माणूस स्वतः. त्याला न्याच असं मी म्हणणार नाही, जिना आहे, पण आबा स्वतः समोर बसले नसते तर तो १९७५ चा प्रश्न विचारलाच गेला नसता.

पेन्शनचा पहिला पैसा काढायला आबा आजीला घेऊन बँकेत गेले, मी नव्हते, मामाने सांगितलं. तिथून थेट सोनाराकडे गेले. बोरमाळ पूर्वीएवढी जड झाली नाही, सोन्याचा भाव आता कुठल्या कुठे गेलाय, पण मणी तेवढेच मोजून घातलेत.

नव्या पीपीओत आजीच्या नावात एक अक्षर चुकलंय. दुरुस्तीचा अर्ज सुभेदार साहेबांनी तयार करून ठेवलाय, आजीचा अंगठा लागतो त्यावर, म्हणून येत्या मंगळवारी आम्ही तिघं परत तो जिना चढणार आहोत.